मापाची बाई

कारखान्यात तिला सगळे ‘चौतीस’ म्हणत. हजेरीच्या वहीत तिचं खरं नाव होतं, पण ते हजेरी घेणाऱ्या कारकुनालाच ठाऊक. बाकी शिलाईच्या रांगेतल्या पोरींपासून ते दारावरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. ‘ए चौतीस, डबा खायला येतेस ना?’ ‘चौतीस आज लवकर गेली वाटतं.’ नव्याने लागलेल्या एकीने तर वर्षभर तिला ‘चौतीसताई’ म्हणून हाक मारली, आडनाव समजून.

तिथे ब्रा तयार व्हायच्या. तळमजल्यावर कापड कापायचे, वरच्या मजल्यावर चार रांगांत मशीनं, आणि वरच्याच मजल्याच्या टोकाला एक लांबोळकी खोली, तिला नमुन्यांची खोली म्हणत. नवी ब्रा आधी त्या खोलीत जन्माला यायची, मग रांगेवर. खोलीच्या मालकीण होत्या कटरबाई. कागदी साचे काढायचे, कापड कापायचं, पहिला नमुना हाताने बेतायचा, हे सगळं त्यांचं. बाईंना नवरा नव्हता, मूल नव्हतं आणि स्वभाव सुईसारखा. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे त्या बोलायच्या कमी आणि बोलल्या की समोरचा आधी टाचण्यांकडेच बघायचा.

ही, म्हणजे चौतीस, एकोणीस वर्षांची असताना हुक लावायच्या मशीनवर लागली. महिनाभरातच कटरबाईंकडे नमुने घालून बघणारी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. बाई टेप घेऊन चारही रांगांतून फिरल्या. एकेकीला पडद्यामागे बोलावून माप घ्यायच्या, मान हलवायच्या, ‘जा’ म्हणायच्या. हिची पाळी आली तेव्हा त्यांनी टेप एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा फिरवली. छातीखालून, छातीवरून, खांद्यापासून खाली, चौतीस नंबरच्या कागदावर होतं तेच अंगावर. अर्ध्या बोटाचाही फरक नाही.

‘उद्यापासून माझ्याकडे,’ बाई म्हणाल्या.

घरी तिने सांगितलं, बढती मिळाली, नमुने तपासते. आईने शेजारीपाजारी ते अभिमानाने सांगितलं. कशाचे नमुने, ते कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

काम सोपं वाटायचं, पण नव्हतं. नमुना घालून स्टुलावर उभं राहायचं. हात वर, हात खाली, पुढे वाक, खोकं उचल, खुर्चीत बस, पुन्हा ऊठ. बाई भोवती फिरत, खडूने खुणा करत. पहिला आठवडाभर तिला काहीही विचारलं की ती म्हणायची, ‘ठीक आहे.’

शेवटी बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या. ‘ठीक आहे म्हणायला माझ्याकडे लाकडी पुतळा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तो पगारही मागत नाही. तुला पगार आहे तो कुठे ठीक नाही ते सांगायचा.’

मग ती सांगायला शिकली. ज्या गोष्टींचा आईसमोर उच्चारही करायचा नाही असं लहानपणापासून अंगात मुरलेलं, त्या गोष्टी ती रोज आठ तास बोलायला लागली. खांद्याचा पट्टा काचतो. तार रुतते. शिवण टोचते. पाठीचा पट्टा वर सरकतो. काखेत दाटतं. काचणं वेगळं, रुतणं वेगळं, दाटणं वेगळं. बाईंना प्रत्येक शब्दाचा वेगळा इलाज माहीत होता. काचलं तर पट्टा रुंद करायचा, असं तिला वाटे. बाई म्हणत, ‘खांदा काचतो म्हणजे खालचा पट्टा आळशी आहे. ओझं खालच्याने उचलायचं असतं, खांद्याने फक्त धरून ठेवायचं.’ हे तिला आयुष्यभर इतर ठिकाणीही उपयोगी पडलं, असं ती सांगते, आणि मग नवऱ्याकडे बघून हसते.

नवरा बस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. लग्न ठरताना त्याने तिच्या कामाबद्दल विचारलं, तेव्हा तिने एका दमात खरं ते सांगून टाकलं. त्याने हातातला चहा संपवला. मग म्हणाला, ‘म्हणजे ट्रायल घेणारा ड्रायव्हर असतो, तसं.’ तिथेच तिने होकार ठरवला. मित्रांना मात्र तो सांगायचा, बायको संशोधन विभागात असते.

पाच वर्षं अशीच गेली. आज मागे वळून बघताना तिला ती खोली जशीच्या तशी दिसते: उत्तरेकडची उंच खिडकी, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले तपकिरी कागदी साचे, वाऱ्याने त्यांची होणारी सळसळ, इस्त्रीचा ओलसर वास आणि बाईंच्या कात्रीचा टेबलावर घासत जाणारा आवाज. तेव्हा ते सगळं रोजचं होतं. जपून ठेवावं असं त्यात काही आहे, हे डोक्यातही नव्हतं.

चोविसाव्या वर्षी तिला दिवस गेले. घरात आनंदीआनंद आणि हिला नोकरीची धास्ती. चौतीसच्या मापावर पोट भरणाऱ्या बाईने माप बदललं तर पोट कशावर भरायचं? तीन महिने तिने कारखान्यात कोणाला पत्ता लागू दिला नाही. पण सगळ्या जगापासून लपवता येतं, टेपपासून येत नाही. एका सकाळी बाईंनी टेप फिरवली, थांबल्या, आकडा वाचला.

‘कितवा?’ त्यांनी विचारलं.

‘चौथा लागलाय.’ आणि तिला रडूच फुटलं. ‘बाई, मी आता चौतीस नाही राहिले.’

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना कोणी असं बसलेलं फारसं पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने उठून त्यांनी कपाटातून एक खोकं काढलं. आत दूध पाजणाऱ्या आईसाठीची ब्रा होती. कारखाना तीही बनवायचा, थोडीशी. साधीच ब्रा, कपाला पुढून खिडकी कापलेली, तिला दोन बटणं.

‘ही मी काढली. सोळा वर्षांपूर्वी,’ बाई म्हणाल्या. ‘कोणावर बघितली होती माहीत आहे? लाकडी पुतळ्यावर.’ मग त्यांनी खोकं बंद केलं. ‘तू चौतीस नाहीस ते बरंच झालं. चौतीसवर मी पुष्कळ शिवलं. आता तू जशी होशील तशी मला पाहिजेस. दर सोमवारी माप.’

मॅनेजरसाहेबांना पटवणं बाकी होतं. साहेब भले गृहस्थ, पण इतकी वर्षं हा धंदा करूनही तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. ते ‘आपला माल’ म्हणत आणि म्हणताना छताकडे बघत. आताही ते पंख्याकडे बघत म्हणाले, ‘त्या प्रकारचा माल खपतो कुठे? चार महिने वापरून टाकून देतात.’

‘टाकून देतात, कारण ती अंगात घालवत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘साहेब, तुमच्या बुटाला पुढून भोक पाडून दिलं आणि म्हटलं ही चप्पल, तर तुम्ही किती दिवस घालाल?’

साहेबांनी पंख्यावरून नजर काढून स्वतःच्या बुटांकडे नेली आणि परवानगी दिली.

मग दर सोमवारी माप. बाईंनी त्यासाठी वेगळी वही केली. छातीखालचं माप वाढत गेलं, कारण पोट वर येतं तशा बरगड्या पसरतात. हे बाईंना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते दोनदा अधोरेखित केलं. उभं राहून घेतलेलं माप आणि बसून घेतलेलं माप यांत फरक पडायला लागला. ‘आई बसून पाजते आणि आपण उभीचं माप घेतो,’ बाई स्वतःशीच पुटपुटल्या. त्या दिवसापासून स्टूल गेलं आणि खुर्ची आली.

मुलगी झाली. तिने बाळंतपणासाठी कारखान्यातल्याच त्या जुन्या दोन ब्रा घरी नेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दूध भरून आलं आणि तिला कळलं की इतकी वर्षं आपल्या कारखान्याने शिवलेल्या वस्तूबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं. खिडकीची कड बरोबर भरलेल्या जागी आवळून बसायची. बाळ रडायला लागलं की एका हाताने ती दोन बटणं निघता निघायची नाहीत. निघाली तर खिडकी इतकी लहान की बाळाचं नाक कापडात. पंधराव्या दिवशी एका बाजूला गाठ झाली, दगडासारखी, आणि हुडहुडी भरून ताप आला. घरी येणाऱ्या नर्सने बघितलं. ‘पाजणं थांबवू नकोस आणि ताप हटला नाही तर सरळ डॉक्टरांकडे ये,’ ती म्हणाली. मग ब्रा बोटांच्या चिमटीत उचलून तिने विचारलं, ‘हे चिलखत कोणी दिलं तुला?’

हिने लाजेने ती तिच्या हातातून काढून उशीखाली सरकवली.

दोनच दिवसांनी कटरबाई घरी आल्या. हातात फळांची पिशवी, पाठ ताठ, जणू काही तपासणीला आल्यात. ताप उतरला होता. सासूबाईंनी चहा ठेवला, बाळ दाखवलं. बाईंनी बाळाकडे पाहून मान डोलावली, आणि सासूबाई आत गेल्यावर म्हणाल्या, ‘दाखव.’

तिने दाखवलं. खिडकीची कड जिथे बसायची तिथे लाल वळ उमटला होता, अर्धवर्तुळाकार, साच्यावर आखल्यासारखा. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला, अगदी हलक्या हाताने, त्या नवं कापड तपासायच्या तसा.

‘ही रेघ माझी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मीच काढलेली.’

त्यांचे डोळे भरलेले तिने तेवढे एकदाच पाहिले. चहा न घेताच बाई गेल्या. सासूबाईंना वाटलं, साखर जास्त पडल्याचं बाईंना न पिताच कळलं.

अडीच महिन्यांनी ती कामावर रुजू झाली. दुपारच्या सुट्टीत सासूबाई बाळाला घेऊन यायच्या आणि ती नमुन्यांच्या खोलीत, कागदी साच्यांच्या आडोशाला बसून पाजायची. बाई समोर वही घेऊन बसायच्या. पाजण्याआधीचं माप, पाजल्यानंतरचं माप. एकाच बाईची एकाच दिवसात दोन मापं निघतात, हे बघून त्या चक्रावल्या. कप ताठ कापडाचा नको, आत बाहेर होणारा पाहिजे. पण खालचा पट्टा मात्र ढिला नको, नाहीतर सगळं ओझं खांद्यावर. तार तर पहिल्याच दिवशी बाद झाली. कडेची शिवण बाहेरच्या बाजूला गेली आणि आतून मऊ सुती अस्तर आलं. पाठीमागे हुकांच्या दोनाऐवजी चार ओळी आल्या.

सगळ्यात छळलं ते पुढच्या उघडझापीने. बटण गेलं, आकडा आला. आकडा एका हाताने निघायचा पण लागायचा नाही. बाई हट्टाला पेटल्या. त्यांनी बाळाच्या वजनाइतका कापडाचा गुंडाळा केला, तो डाव्या हातावर घेतला, स्वतःच्या अ‍ॅप्रनवर नमुना चढवला आणि दिवसभर तशाच फिरायला लागल्या. डाव्या हातावर गुंडाळा, उजव्या हाताने आकडा काढ, लाव, काढ, लाव. मशीनवरच्या पोरी दाराच्या फटीतून बघायच्या आणि तोंडात बोळे कोंबून हसायच्या. मॅनेजरसाहेब एकदा आत डोकावले, छताकडे बघितलं आणि आल्या पावली परत गेले. तिसऱ्या दिवशी तर बाई चालता चालता त्या गुंडाळ्याला थोपटत होत्या. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं. हिने पाहिलं आणि खाली मान घालून आपलं काम करत राहिली. त्याबद्दल ती कोणाजवळ बोलली नाही, कित्येक वर्षं.

गाठ सुटली ती सासूबाईंमुळे. त्या कोपऱ्यात बसून हे सगळं बघत असायच्या. एके दिवशी न राहवून म्हणाल्या, ‘अहो बाई, काढताना पोर रडत असतं, तेव्हा घाई. लावताना पोर झोपलेलं असतं, तेव्हा धक्का नको. दोन्हीला एकच औषध कसं चालेल?’

बाईंनी गुंडाळा खाली ठेवला. मग त्या टेबलाकडे वळल्या. दोन दिवसांनी नमुना तयार झाला: खांद्याच्या पट्ट्याला खाली एक चपटी कडी, तिला अंगठ्याने वर ढकललं की संपूर्ण कप खाली येतो, आणि लावताना नुसतं टेकवून खाली ओढलं की बसतो. आत कापडाचं कडं तसंच राहतं, म्हणून खांद्याचा पट्टा पाठीवर घसरत नाही. हिने बाळाला घेऊन करून बघितलं. बाळ पिऊन झोपलं. तिने कडी लावली. बाळाची पापणीसुद्धा हलली नाही.

‘कुठे टोचतंय?’ बाईंनी विचारलं.

तिने खरोखर शोधलं. हात वर केले, वाकली, बसली. ‘कुठेच नाही,’ ती म्हणाली.

‘नीट बघ.’

‘नीटच बघतेय बाई.’

खोक्यात घालायचा कागद लिहायचं कामही बाईंनी तिच्यावरच टाकलं. साहेबांना त्यावर फुलं आणि गोबरं बाळ हवं होतं. बाई म्हणाल्या, फुलं कोणीही छापेल, तू सांग. तिने घरी बसून चार वेळा लिहून खोडलं. शेवटी जे छापलं गेलं ते एखादी थोरली बहीण समजावते तसं होतं: आठव्या महिन्याच्या आसपास घ्या, आधी घाई करू नका. बसून घालून बघा. हुक सगळ्यात बाहेरच्या ओळीत लागले पाहिजेत, कारण बाळंतपणानंतर पाठ आत येईल तसं तुम्हाला आत आत जायचंय. कपात आत्ताच थोडी जागा राहू दे, दूध आल्यावर ती भरेल. पट्ट्याखालून दोन बोटं जायला हवीत, मूठ नको. दुकानातच एका हाताने उघडून बघा, विकणारी बाई हसली तरी. आणि एकदम सहा घेऊ नका; दोन घ्या, दीड महिन्याने पुन्हा माप घ्या. वळ उठला तर ती तुमची चूक नाही, ब्राची आहे.

शेवटचं वाक्य साहेब खोडायला निघाले होते. बाईंनी त्यांच्या हातातला कागद काढून घेतला.

माल खपला. एकदम नाही, पण एकीने दुसरीला सांगत खपत गेला. दुकानांतून चिठ्ठ्या येत, ‘ती कडीवाली पाठवा.’ तिचं स्वतःचं माप पुन्हा कधी चौतीसवर आलं नाही. कारखान्याला नवी चौतीस मिळाली, तिला ‘धाकटी चौतीस’ म्हणत, आणि ही झाली ‘थोरली’. बाईंनी तिला हळूहळू कात्री दिली. साचा कसा आखायचा, कापडाचा ताण कुठल्या दिशेने धरायचा, कापताना श्वास कधी सोडायचा. बाई निवृत्त झाल्या तेव्हा उत्तरेच्या खिडकीखालचं टेबल तिचं झालं. निरोपाच्या दिवशी बाई भाषण वगैरे काही बोलल्या नाहीत. फक्त जाताना हिच्या खांद्याचा पट्टा घसरला होता तो बोटाने वर सारला आणि म्हणाल्या, ‘खालचा सैल झालाय. बदल.’

कडीवाली चौदा वर्षं चालली. मग मालक बदलले, साचे बदलले, चार रांगांच्या दोन झाल्या आणि पुढे ती इमारतही विकली गेली. बाई त्याआधीच वारल्या होत्या. हिने आणखी काही वर्षं दुसरीकडे काम केलं, पण ती खोली पुन्हा कुठे मिळाली नाही. आजही इस्त्रीखाली ओलं सुती कापड गेलं की तो वास येतो आणि ती क्षणभर थांबते. नवरा ओळखतो. ‘संशोधन विभागात गेली,’ म्हणतो.

यंदा लेकीला आठवा महिना लागला. लेकीने फोनवरून तीन ब्रा मागवल्या होत्या, जुन्याच मापाच्या, आणि तिन्ही काखेत दाटत होत्या. आई म्हणाली, चल. बाजारातल्या एका मोठ्या दुकानात गेल्या. विकणारी मुलगी तरतरीत होती. तिने लेकीकडे बघूनच एक खोकं पुढे केलं.

‘टेप आहे का गं?’ आईने विचारलं.

मुलगी ड्रॉवर धुंडाळायला लागली. टेप सापडली ती कापडाची नव्हे, सुताराची. आईने स्वतःच्या पर्समधली काढली. पडद्यामागे लेकीला खुर्चीवर बसवलं, माप घेतलं, पाच-सहा ब्रा घालून बघायला लावल्या. ‘ठीक आहे,’ लेक पहिलीला म्हणाली. ‘ठीक आहे नको,’ आई म्हणाली, ‘काचतंय की रुततंय ते सांग.’ लेक हसली, मग विचार करून म्हणाली, ‘दाटतंय.’ विकणारी मुलगी पडद्याबाहेर उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, आत येऊन बघितलं तर चालेल का. आईने तिला आत घेतलं आणि तिच्याकडूनच दोन बोटं पट्ट्याखाली घालून घेतली.

पाचवी बसली. बाहेरच्या ओळीत हुक, कपात जागा, हात वर केले तरी पट्टा जागचा हलला नाही. आईने ती मागून घेतली, उलटी केली आणि उजेडाकडे धरली. शिवण नव्हतीच, कडा नुसत्या दाबून चिकटवलेल्या. कापड पाण्यासारखं हलकं. कडी नखाएवढी, एका बोटाने उघडत होती आणि आवाजही करत नव्हती. तिने ती पुन्हा पुन्हा उघडून, लावून बघितली.

‘वाईट आहे का?’ लेकीने विचारलं.

‘नाही गं. आमच्यापेक्षा चांगली आहे.’ तिने ती पुन्हा सुलटी केली, हाताने सपाट केली. ‘दोन घे.’

‘मग अशी का बघतेस?’

‘बाईंना दाखवायला हवी होती,’ ती म्हणाली. ‘दोन दिवस बोलल्या नसत्या कोणाशी. मग तिसऱ्या दिवशी एक उसवून बघितली असती.’